क्लबहाऊसच्या नऊ बॅटी : प्रकल्प नोंदी

२ जून २०२४, रविवार

कपाटातून टेबल टेनिसच्या (टीटीच्या) एकूण नऊ बॅटी निघाल्या. गेल्या मीटिंगमध्ये "नव्या घ्यायच्या आधी आहेत त्या पुसून तर बघा" असं मी बोलून गेले आणि सेक्रेटरींनी मिनिट्समध्ये जबाबदारी म्हणून माझंच नाव घातलं. बजेट दोन हजार रुपये. मुदत गणपतीपर्यंत. ७ सप्टेंबरला चतुर्थी, ८ तारखेला सोसायटीची टीटीची स्पर्धा.

प्रत्येक बॅटीच्या दांड्यावर मेडिकल टेप लावून १ ते ९ आकडे घातले. पॅथॉलॉजी लॅबमध्ये सव्वीस वर्षं काढल्यावर नमुन्याला नंबर दिल्याशिवाय हात लावायची सोयच उरत नाही.

पहिली पाहणी अशी. १, २, ३ आणि ५ वरून काळवंडलेल्या, पण रबर मऊ आहे. ४ नंबरची खिडकीत पडून होती. तिची लाल बाजू उन्हाकडे होती, ती आता विटकरीही नाही आणि गुलाबीही नाही. नखाने दाबलं तर प्लॅस्टिकसारखी लागते. ६ च्या कडेचं रबर दोन बोटं सुटलंय. ८ आणि ९ बाजारात जोडीने मिळतात तसल्या, रबर असून नसल्यासारखं. आणि ७ नंबरच्या लाल बाजूवर एक वाळका तपकिरी डाग आहे. वॉचमनला विचारलं तर तो हसायला लागला. झुरळ.

टेबलाची खोली पार्किंगला लागून आहे. एका भिंतीला खिडकी, दुसऱ्या भिंतीला कॅरम. हे आज नुसतं लिहून ठेवते.

८ जून, शनिवार

बॅटींची "ग्रिप गेली" म्हणतात, म्हणजे रबराची चेंडूवरची पकड नेमकी किती गेली, हे आकड्यात हवं. नाहीतर पुसल्यावर सगळेच म्हणणार, वा, छान झाली.

पहिली कल्पना : तीन चेंडू त्रिकोणात चिकटवायचे, म्हणजे ते घरंगळणार नाहीत. ते बॅटीवर ठेवायचे, बॅट हळूहळू तिरकी करायची, आणि घसरायला लागले की कोन मोजायचा. फोनमध्ये लेव्हलचं ॲप आहेच.

फसली. कुठल्याही बॅटीवर ठेवा, तीसच्या आसपास चेंडूंचं त्रिकूट न घसरता सरळ कोलमडायचं. मग वहीत आकृती काढल्यावर कळलं की दोष रबराचा नाहीच. चेंडू ४० मिलिमीटरचे, म्हणजे वजनाचा मध्य वीस मिलिमीटर उंच. खाली टेकलेल्या त्रिकोणाची बाजू मध्यापासून साडेअकरा मिलिमीटरवर. तीस अंशांना ते उलटणारच, खाली सँडपेपर असो की काच. आठवीतली भूमिती, पण आधी तीन चेंडू वाया घालवल्याशिवाय आठवली नाही.

९ जून, रविवार

आज मान्सून मुंबईत पोचल्याचं जाहीर झालं. आमच्याकडे ठाण्यात सकाळपासूनच कपडे वाळेनासे झाले होते.

मोजमापाची नवी गाडी : कोणाला नको असलेली सीडी, तिच्याखाली फुटलेल्या चेंडूच्या तीन टोप्या, फुगीर बाजू खाली, एकमेकींपासून जमेल तितक्या लांब. वर दहा रुपयांची दोन नाणी टेपने घट्ट. आता ती बसकी झाली, साठपर्यंत उलटत नाही. नाणी काढायची नाहीत किंवा वाढवायची नाहीत, कारण शाळेत शिकलेला घर्षणाचा साधा नियम रबर नीट पाळत नाही, वजन बदललं की आकडा बदलतो. प्रत्येक बाजूचं पाच वेळा मोजायचं, मधला आकडा घ्यायचा.

आजचे आकडे, काहीही न पुसता : ३ नंबर काळी बाजू २४ अंश. ५ नंबर २६. ४ नंबरची उन्हाळलेली लाल बाजू १९. ८ आणि ९ अठराच्या आत. तुलनेला सी विंगमधल्या एका मुलीची ॲकॅडमीची बॅट मागून घेतली, तिचं रबर दीडेक महिन्याचं. ५१.

तिने बॅट देताना मला नीट बजावलं, "मावशी, हात नका लावू हं रबराला." बरोबर आहे तिचं.

१६ जून, रविवार

पहिली धुलाई. साधं पाणी, मेकअपचा मऊ स्पंज, पुसायला लॅबमधलं गॉज. स्पंज पाण्यात बुडवून घट्ट पिळायचा, दांड्याकडून टोकाकडे एकाच दिशेने ओढायचा, मग घडी बदलून परत. गोल गोल घासलं की मळ कडेला जाऊन बसतो, आणि कडेतून पाणी रबराखालच्या स्पंजाच्या थरात शिरलं तर गोंद सुटायला लागतो.

३ नंबरवर पहिला हात फिरवला तेव्हा स्पंजावर अर्धचंद्राच्या आकाराचा राखाडी डाग उमटला. दुसऱ्या हातालाही तेवढाच गडद. चौथ्याला फिका. सहाव्याला स्पंज स्वच्छ. वाटीतलं पाणी मात्र पाटीवरची पेन्सिल पुसल्यासारखं गढूळ, आणि तळाला पिठासारखा पांढरट साका. घामाचं मीठ आणि जमिनीची धूळ समजू शकते. नव्या चेंडूवर थोडी भुकटी असते तीही ठीक. पण एवढं पांढरं?

वाळल्यावर आणखी एक घोळ. काळ्या रबरावर पाण्याच्या थेंबांची पांढरी वर्तुळं उठली. क्लबहाऊसच्या नळाला टँकरचं पाणी येतं, बादलीच्या कडेला क्षार धरतो तोच इथेही धरला. घरून फिल्टरचं पाणी आणून पुन्हा सगळं केलं. यापुढे तेच.

सावलीत, पंख्याखाली, आडव्या ठेवून अर्धा तास. मग आकडे. ३ नंबर २४ वरून ३६. ५ नंबर २६ वरून ३८. १ आणि २ पण पस्तिशीत. ४ नंबरची लाल बाजू १९ वरून २१.

आजचं खरं काम ह्या शेवटच्या आकड्याने केलं. पाचही बॅटींना तेच पाणी, तोच स्पंज, तोच हात. चौघींची ग्रिप मळाखाली दबली होती, ती वर आली. ४ नंबरची दबलेली नाही, गेलेलीच आहे. नैसर्गिक रबराच्या साखळीत जे दुहेरी बंध असतात त्यांच्यावर हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन हळूहळू काम करतच असतात. त्यात ऊन आणि उष्णता मिळाली की वेग वाढतो आणि वरचा थर कडक, चकचकीत होतो. दुकानातली कुठलीही बाटली आणली तरी ते बंध परत जुळणार नाहीत.

फोम क्लीनरची एक बाटली बजेटातून घेतली होती, कारण न घेता "पाणीच पुरे" म्हणणं म्हणजे अर्धवट प्रयोग. ५ नंबरच्या एका अर्ध्यावर फोम, दुसऱ्या अर्ध्यावर पाणी. फरक एक अंश. माझ्या मोजण्यातली चूकच तेवढी आहे. एकाच जागी फोम खरोखर जिंकला : १ नंबरवर अंगठ्याच्या आकाराचा तेलकट ठसा होता, त्यावर पाणी थांबायचंच नाही, मणी होऊन पळायचं. बहुधा वडापाव. फोमचा एक ठिपका, मग साध्या पाण्याने दोनदा पुसणं, आणि ठसा गेला. म्हणजे बाटली असावी, पण औषधासारखी, जेवणासारखी नाही.

हे ठसे शोधायचा सोपा उपाय म्हणजे रबरावर तोंडाची वाफ सोडायची. वाफ धरली की बोटं दिसतात, अगदी रेषांसकट. सगळे खेळाडू सर्व्हिसच्या आधी "हाऽ" करून तळहाताने बॅट पुसतात. वाफ म्हणजे फुकटचं शुद्ध पाणी, ते छानच. पण पुसणाऱ्या तळहाताला घाम असतो. कॉलेजात मीही हेच करायचे.

२३ जून, रविवार

बी विंगमधले काका भेटले. रेल्वेतून निवृत्त झालेत, ऑफिसच्या टीममधून खेळायचे. "अहो, हे पाणीबिणी काय करता? खोबरेल तेलाचा हात फिरवा, रात्रभर ठेवा, सकाळी बॅट चेंडू सोडणार नाही." आणखी तिघांनी तीन उपाय सांगितले : नेलपॉलिश रिमूव्हर, काच पुसायचा निळा स्प्रे, आणि खोडरबर.

वाद घालण्यापेक्षा ७ नंबरची काळी बाजू सोलली (ती तशीही फाटलेली होती) आणि दहा दहा सेंटीमीटरच्या पट्ट्या कापल्या. एकीला पाणी, एकीला तेल, एकीला रिमूव्हर, एकीला निळा स्प्रे. एका पट्टीवर खोडरबर. एक कोरी.

२४ जून, सोमवार, सकाळी आठ

तेलाची पट्टी बघण्यासारखी आहे. रात्रीत तिची कमान झाली. तेल लावलेला वरचा थर फुगला, खालचा स्पंज होता तेवढाच राहिला, त्यामुळे दोन्ही टोकं स्पंजाच्या बाजूला वळली. सरळ करून मोजली तर तीन मिलिमीटर लांब भरली. तेल रबराच्या आत शिरतं, नुसतं वर बसत नाही. काकांचं म्हणणं अगदीच खोटं नाही : फुगलेलं रबर ताणलेलं असतं, मऊ लागतं, चेंडू जास्त उसळतो. त्यासाठीच लोक रबराच्या खालून बूस्टर (रबर फुगवणारं तेलकट द्रव) लावतात. पण नियमाप्रमाणे रबरावर कुठलीही भौतिक किंवा रासायनिक प्रक्रिया करून खेळता येत नाही, त्यामुळे अधिकृत स्पर्धेत ते बाद. आणि आमच्या बाबतीत त्याहून सरळ अडचण अशी की वर उरलेलं तेल पुसता पुसत नाही.

रिमूव्हरने पट्टीचा रंग कापसावर उतरवला, पृष्ठभाग निस्तेज झाला, वाकवल्यावर बारीक रेघा दिसल्या. निळ्या स्प्रेने स्वच्छ झाली, पण कोरडी कोरडी लागतेय, आणि हे रोज केलं तर काय होईल याचा अंदाज येतो. खोडरबराने त्याचाच चुरा चिकटून बसला. पाण्याची पट्टी कोऱ्या पट्टीपेक्षा स्वच्छ, बाकी काही नाही.

कमान झालेली पट्टी काकांना नेऊन दाखवली. त्यांनी उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "आमच्या वेळची रबरं वेगळी होती." असतीलही.

३० जून, रविवार

धक्का. दोन आठवड्यांपूर्वी धुतलेल्या बॅटी पुन्हा मोजल्या. ३ नंबर २७. ५ नंबर २८. म्हणजे जवळजवळ मूळपदावर, आणि तेही खेळून फारसं नाही, पावसामुळे मुलंच येत नव्हती. घरच्या बॅटीला एवढा मळ दोन महिन्यांत बसणार नाही.

पुन्हा पुसलं, पुन्हा वाटीच्या तळाला तो पांढरा साका. बोटात घेऊन चोळला. गुळगुळीत. वास नाही. आणि मग मान वळवली तर मागे कॅरमवर दोघं जण सोंगट्या लावत होते, एकाने डबी उघडून बोर्डावर पावडर भुरभुरली आणि वर फुंकर मारली.

कॅरमची पावडर! बोरिक पावडर असते ती किंवा तशाच जातीची, आणि तिचं काम एकच : घर्षण कमी करणं. मुलं एक डाव कॅरमचा खेळतात, हात झटकतात, बॅट उचलतात. ज्यांना नंबर लागलेला नसतो ती मुलं बॅटी कॅरमच्या कडेला ठेवतात. आणि छताचा पंखा उरलेली पावडर खोलीभर समान वाटून देतो. चार रविवार मी ह्या खोलीत उभी राहून घर्षण मोजत होते आणि माझ्या पाठीमागे घर्षण मारायचं सामान डबीने उडत होतं.

कॅरम हलवायचा प्रस्ताव सेक्रेटरींना पाठवला. उत्तर : "मॅडम, कॅरम ज्येष्ठांचा आहे." म्हणजे हलणार नाही. मग बॅटींनाच घर द्यायचं. कपाटाच्या दाराला आतून नऊ हुक, आणि खेळ संपला की बॅट तिथेच.

९ जुलै, मंगळवार

काल लोकल बंद पडल्या, आज अर्ध्या दिवसाने घरी. पार्किंगमध्ये घोटाभर पाणी होतं, खोलीत आलं नाही, पण भिंत घामेजली आहे. रेक्झिनच्या कव्हरमधल्या दोन बॅटी काढल्या तर कव्हरच्या आत बुरशीचा वास आणि दांड्यावर पांढरी लव. कोणीतरी ओल्या हातांनी खेळून तशीच चेन ओढली असणार. पावसात कव्हर म्हणजे डबाबंद भाजी. २ नंबरच्या रबराखाली रुपयाएवढा फुगा आलाय, गोंद सुटलाय.

कव्हरं उन्हात टाकायची तर ऊन कुठाय. लॅबमधल्या किटच्या खोक्यांतून निघणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या साठवायला सुरुवात केली. तोवर उघड्या हुकांवर.

२१ जुलै, रविवार

२, ४ आणि ६ सोलून नवी रबरं लावायचा दिवस. नावाजलेल्या जपानी रबराच्या एका शीटमध्येच आमचं बजेट संपून वर खिशातून घालावे लागले असते, म्हणून मधल्या दर्जाची साधी चिनी रबरं घेतली. तीन लाल, दोन काळी. २ नंबरची काळी बाजू चांगली आहे, ती राहू दिली.

सोलताना घाई केली की ब्लेडच्या, म्हणजे बॅटीच्या फळीच्या, लाकडाची सालपटं रबराबरोबर निघतात. दांड्याजवळचा एक कोपरा नखाने उचलायचा, आणि रबर वर न खेचता जवळजवळ मागे दुमडून, लाकडाच्या रेषांच्या दिशेने हळू ओढत न्यायचं. ६ नंबर सुरेख सुटली. ४ नंबरला मात्र रबर आलं आणि स्पंज लाकडावरच राहिला. तो बोटाने चोळून चोळून काढायला पाऊण तास. कंटाळवाणं काम आहे, पण थांबवत नाही, भाजलेल्या शेंगदाण्याची सालं काढण्यासारखं.

वॉटर बेस ग्लू लावताना पांढरा असतो, वाळला की पारदर्शक होतो. दोन्ही बाजूंना, ब्लेडला आणि स्पंजाला, पातळ थर देऊन पांढरेपणा पूर्ण जाईपर्यंत थांबायचं. आजच्या हवेत स्पंजावरचा ग्लू तासाभराने पण दुधाळच होता. पंखा पाचवर, तरी दुधाळ. ६ नंबरला मी धीर सोडला आणि थोडा ओलसर असतानाच चिकटवलं. परिणाम अर्ध्या तासात : मधोमध फुगा. पुन्हा सोलली, पुन्हा सगळं पहिल्यापासून. ४ आणि २ ला दोन तास दिले, लाटण्याने दांड्याकडून टोकाकडे दाबलं, वर जाड पुस्तकं ठेवून रात्रभर. सोमवारी सकाळी कडा नव्या पात्याने कापल्या.

आमच्या कॉलेजच्या काळात हे काम सायकलच्या पंक्चरच्या सोल्युशनने व्हायचं. ट्यूबमधून पिळायचं, बोटाने फासायचं, पाच मिनिटांत तय्यार. मॅचच्या आधी ताजं लावलं की बॅट टणटणीत वाजायची, कारण त्यातलं सॉल्व्हंट स्पंजाला फुगवायचं. मुलींच्या चेंजिंग रूममध्ये तो वास इतका असायचा की डोकं धरायचं. असले उडणारे विषारी सॉल्व्हंट असलेले ग्लू २००८ च्या सप्टेंबरपासून आंतरराष्ट्रीय महासंघाने बंद केले. डोकं बरंच आधी दुखायला हवं होतं.

नव्या रबरांचा पहिला आकडा : पंचावन्नपर्यंत गाडी हललीच नाही, पुढे मीच थांबले.

४ ऑगस्ट, रविवार

ह्या आठवड्यात पॅरिस ऑलिंपिकमध्ये मनिका बत्रा आणि श्रीजा अकुला दोघीही एकेरीत शेवटच्या सोळा जणींत पोचल्या. खोलीत एकदम गर्दी. सगळ्यांना "मनिकासारखं" रबर हवंय, म्हणजे बॅकहँडला लाँग पिंपल, बाहेरच्या बाजूला लांब दाणे असलेलं रबर. सी विंगमधल्या मुलीने तिच्या ॲकॅडमीतल्या मैत्रिणीची तशी बॅट खास माझ्यासाठी आणली. "मावशी, ही पण पुसून द्या ना."

इथे स्पंज चालत नाही, पिंपल्सच्या डोक्यांना अडकतो. लहान मुलांचा मऊ टूथब्रश, जेमतेम ओला, ओळींच्या दिशेने. भिंगाखाली पाहिलं : प्रत्येक पिंपल म्हणजे बारीक उभा खुंटा, मधल्या गल्ल्यांत धूळ आणि तंतू. कडेला तीन खुंट्यांच्या मुळाशी चीर गेलेली, ब्रशने जरा ढकललं की एका बाजूला लवतात. लाँग पिंपलचा मृत्यू मळाने होत नाही, असा मुळातून होतो. ते तिला दाखवून ठेवलं, कारण तुटलेल्या पिंपल्सवरून पंच हरकत घेऊ शकतात.

गंमत म्हणून गाडी ठेवली. २० अंश. पुसल्यावर? २०. ज्या आकड्याला मी ४ नंबर बाद केली, त्याच आकड्यावर ही बॅट ठणठणीत आहे. तिचं कामच चेंडू न धरणं, समोरच्याची फिरकी त्याच्याच अंगावर परत पाठवणं. माझ्या वहीत वर "फक्त साध्या रबरासाठी" असं लाल पेनाने लिहिलं.

१५ ऑगस्ट, गुरुवार

झेंडावंदन, जिलेबी, आणि माळ्यावरून माझी स्वतःची बॅट. नंबर शून्य. १९९३ ची, इंटरकॉलेजिएटला वापरलेली, प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि वर वर्तमानपत्रात गुंडाळलेली. म्हणजे ऊन नाही, धूळ नाही, तळहात नाही. मनात आशा होती, खोटं कशाला बोलू.

पिशवीला आतून चिकटलेलं रबर काढताना त्याचा वरचा थर पिशवीबरोबर आला. काही ठिकाणी कडक, काही ठिकाणी च्युइंगगमसारखं. खाली स्पंज होता तो बोट लावताच पिवळ्या रव्यासारखा गळायला लागला. एकतीस वर्षं कोणी हात न लावताही ते म्हातारं होतच होतं. पाण्याची वाटी मी पुढे ओढलीच नाही.

आईला वाटलं मी रडेन की काय. ती म्हणाली, "तुझे बाबा त्या जपान्याची गोष्ट सांगायचे ना, आवाज न होणाऱ्या बॅटीची." हो. १९५२ साली जागतिक स्पर्धा मुंबईत झाली तेव्हा बाबा गिरगावात शाळेत होते. हिरोजी सातो जाड स्पंजाची बॅट घेऊन आला आणि पुरुष एकेरी जिंकून गेला. तोवर नुसत्या पिंपल्सच्या बॅटी, टक-टक वाजायच्या, आणि त्या आवाजावरून खेळाडू चेंडूचा अंदाज घ्यायचे. सातोचा फटका ऐकूच यायचा नाही. बाबा आत गेले नव्हते, बाहेर उभं राहून मोठ्यांकडून ऐकलं होतं, पण सांगताना दर वेळी आवाज खाली आणायचे. पुढे १९५९ मध्ये नुसत्या स्पंजाला बंदी आली, आणि स्पंज अधिक रबर मिळून चार मिलिमीटरच्या आत, हा आजही चालणारा नियम आला. माझ्या ताटात जो पिवळा रवा पडलाय तो त्याच गोष्टीचा शेपटाकडचा तुकडा.

ब्लेड मात्र शाबूत आहे. घासून पुसून ठेवलं.

२५ ऑगस्ट, रविवार

झाकण्यासाठी फिल्म. दुकानातली चिकट फिल्म ॲकॅडमीची मुलं लावतात, ती आमच्या मुलांच्याने दोन दिवस टिकणार नाही. स्वस्त पर्याय म्हणून वह्यांना घालतो ते मऊ प्लॅस्टिक कापून ५ नंबरवर ठेवलं होतं. आठवड्याने काढलं तर रबराला धरून बसलेलं, सोलावं लागलं. मऊ पीव्हीसीत ते मऊ राहण्यासाठी जे तेलकट द्रव्य घालतात ते बाहेर येतं, माझ्या माळ्यावरच्या पिशवीनेही बहुधा तेच केलं. आता जुन्या ओएचपी (ओव्हरहेड प्रोजेक्टर) च्या पारदर्शक शीट कापून घेतल्या, त्या नुसत्या टेकतात, चिकटत नाहीत. ऑफिसांच्या कपाटांत अजून पडलेल्या असतात, कोणाला नको असतात.

दिनक्रम कपाटाच्या दाराला लावला, चार ओळींचा : खेळून झालं की ओला स्पंज एका दिशेने. पंख्याखाली दहा मिनिटं. शीट लावा. हुकाला अडकवा. खाली सी विंगमधल्या मुलीने स्वतःहून पाचवी ओळ लिहिली : "आधी कॅरम खेळला असाल तर हात धुवा!!!" गेल्या दोन आठवड्यांत ३ नंबर ३६ वरून ३४ वर आली, बस्स. गेल्या वेळी तेवढ्याच दिवसांत नऊ अंश गेले होते.

८ आणि ९ पुसून मोजल्या. दोन्ही वीसच्या आत. त्या लहान मुलांना चेंडू वर उडवायला द्यायच्या, कपाटात नकोत.

८ सप्टेंबर, रविवार

स्पर्धेला बावीस जण. सात बॅटी चालू. ७ नंबरला काळ्या बाजूला माझ्या पैशाने नवं रबर लावलं, लाल बाजू तीच जुनी ठेवली, बजेट संपलं होतं. हिशेब : दोन हजारांतले चाळीस रुपये उरले, ते स्पंजांना.

आरतीनंतर लगेच मॅच ठेवल्याने व्हायचं तेच झालं. तळणीचे मोदक खाऊन लोक सरळ टेबलावर. क्वार्टर फायनलला १ नंबरवर पुन्हा तो अंगठ्याएवढा ठसा, जवळजवळ त्याच जागी. म्हणजे त्या जागी धरायची सवय कोणाची आहे हेही आता मला माहीत आहे, पण लिहिणार नाही. फोमचा ठिपका, दोनदा पाणी, पुढचा गेम.

बी विंगमधले काका साठीवरच्या गटात फायनलला गेले. ६ नंबरने खेळले, जिला मी दोनदा ग्लू लावला होता. दोन गेम झाल्यावर माझ्याकडे आले आणि हळूच म्हणाले, "जरा तो ओला स्पंज द्या." दांड्याकडून टोकाकडे, एकाच दिशेने पुसलं. मग सवयीने तळहात फिरवला. मी काही बोलले नाही. हरले, ९–११ ने, तिसऱ्या गेममध्ये.

शेवटचे आकडे, स्पर्धेनंतर, न पुसता : १ – ३२. २ – ४९. ३ – ३३. ४ – ५०. ५ – ३४. ६ – ४८. ७ काळी – ५२.

७ लाल मोजता आली नाही. संध्याकाळी वॉचमन बॅट हातात घेऊन आला, चेहरा पडलेला. "मॅडम, समोरच आलं होतं. पण लाल बाजूनेच मारलं, नवीन बाजूने नाही." पुसून हुकाला लावली.